नवी पट्टी, जागा बदलून

तीस वर्षं नर्स होते मी. वॉर्डात सगळे मला फौजदार म्हणायचे, अगदी तोंडावर म्हणायचे, कारण मला ते आवडायचं. एका डॉक्टरनं घाईत औषधाच्या आकड्यापुढे शून्य जास्त दिलं, तर त्याला मी भर वॉर्डात झापलं होतं. किती, कुठून आणि कधी, एवढं ज्याला धड लिहिता येत नाही त्यानं लोकांच्या जिवाशी खेळू नये, असं म्हणाले होते मी.

म्हणून ताईचं औषध बदललं तेव्हा कागद मीच लिहिला.

ताई माझी थोरली बहीण. तिच्या मणक्यात गाठ होती आणि वेदना अशा की भिंतीला नखं लावायची. गोळी गिळवेना, तेव्हा डॉक्टरांनी कातडीवर चिकटवायची पट्टी दिली. त्यातलं औषध तीन दिवस हळूहळू अंगात मुरतं. पहिली पट्टी मी स्वतः तिच्या पाठीवर लावली आणि भावोजींना मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: ‘दर तीन दिवसांनी नवी पट्टी. जागा बदलून.’ भावोजींची हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली. लिहिलेलं त्यांना ब्रह्मवाक्य. मी निश्चिंत मनानं घरी आले, आणि माझाच गुडघा धरला. दहा दिवस नुसते फोन.

“झोपते का?” मी विचारायची.

“छान झोपते. हाक मारली तरी उठत नाही.”

“सुटली बिचारी,” मी म्हणाले. त्या वाक्याबद्दल स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. वॉर्डात कुणी असं सांगितलं असतं तर मी धावत सुटले असते.

दहाव्या दिवशी सकाळी लंगडत पोचले. भावोजींनी हसून दार उघडलं. “या फौजदार, तपासणी करा. एक दिवस चुकवला नाही.” कागद भिंतीवर चिकटवलेला, पुढे पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा.

ताई कुशीवर होती. ओठ जांभळट, घशातून घरघर. पापणी उचलली तर डोळ्याची बाहुली मोहरीएवढी. समोरच्या घड्याळावर मी श्वास मोजले. मिनिटाला सहा. बारा तरी हवे होते.

पाठीशी गरम पाण्याची पिशवी होती. ती काढून मी सदरा वर केला. खाली एक पट्टी. तिच्याशेजारी दुसरी. खांद्याखाली तिसरी, कमरेशी चौथी. चारही नीट, सरळ रेषेत, माझ्या भावोजींच्या हातची.

“जुन्या काढल्या नाहीत?”

“काढायच्या होत्या?” ते कागदाकडे वळले आणि बोट ठेवून वाचू लागले. “नवी पट्टी. जागा बदलून. काढायचं कुठे लिहिलंय? मला वाटलं, त्यात औषध उरलं असेल तर तिलाच मिळेल. आणि शेकलं की तिला बरं वाटतं.”

शेकल्यानं कातडी ते औषध भसाभसा ओढते, हेही मी लिहिलं नव्हतं. मी पहिली पट्टी लावली तेव्हा खाली जुनी नव्हतीच, म्हणून काढायचं सुचलंच नाही. माझ्या कागदाप्रमाणे त्यांनी काडीची चूक केली नव्हती.

ॲम्ब्युलन्सला फोन केला. पट्ट्या ओरबाडल्या, पाठ गार पाण्यानं पुसली. “ताई, श्वास घे,” मी तिच्या कानात ओरडत राहिले, आणि ओरडलं की ती एक घ्यायची.

“काढल्या ना सगळ्या?” भावोजी म्हणाले. “मग आता थांबेल.”

थांबणार नव्हतं. पोटातलं असतं तर काही करता आलं असतं. कातडीखाली साठलेलं अजून कित्येक तास चढत राहणार होतं, आणि त्यावरचा उतारा माझ्या घरी नव्हता, त्यांच्याही नव्हता. मी “हो” म्हणाले.

ॲम्ब्युलन्सवाला आला तेव्हा श्वास मिनिटाला चार होते. त्यानं दंडात इंजेक्शन दिलं. ताईनं एक मोठा श्वास ओढला.

“याचा असर लवकर उतरेल, पट्ट्यांचा नाही,” तो म्हणाला. “पुन्हा पुन्हा द्यावं लागेल. पोचेपर्यंत काही सांगता येत नाही. काय काय दिलंय, कुठे लिहिलंय का?”

भावोजींनी भिंतीवरचा कागद अलगद सोडवून त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला, उलटून पाहिला, मागे काहीच नव्हतं.

“हे कुणी लिहून दिलं?”

“हिनं,” भावोजी अभिमानानं म्हणाले. “तीस वर्षं नर्स होती.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि स्ट्रेचर उचललं.