सात हजार व्होल्टचं घराणं

ऑरिनने कोटाची बाही कोपरापर्यंत वर सरकवली आणि तो बर्फातून हौदाकडे चालू लागला. गाई हौदापासून लांब, एकमेकींना खेटून उभ्या होत्या. पाणी गोठू नये म्हणून हौदात हीटर सोडलेला होता, तरी सकाळपासून एकीनेही पाण्याला तोंड लावलं नव्हतं. मघाशी एका कालवडीने नाक बुडवलं आणि ती अशी उसळली की मागच्या दोघी कोलमडल्या.

"बाबा, थांबा!" त्याची सून आर्डिस घराच्या दारातून ओरडली. "हीटरची वायर फुटली असणार. पाण्यात करंट उतरलाय."

"बघतो ना हात घालून."

"हात नका घालू!"

"मास्तरीणबाई," तो मागे न बघता म्हणाला, "कुंपणाला किती व्होल्ट असतात?"

"सात हजार. पण..."

"आणि हीटरला?"

"एकशेवीस."

"मग? सात हजार पचवलेला माणूस एकशेवीसला भिईल होय?"

मॉन्टॅनातल्या या गुरांच्या रँचवर वीज सोडलेल्या कुंपणाची तार धरल्याशिवाय कुणी घरचं होत नसे. जावई असो की सून, लग्नाच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर ती मुठीत धरायची. आर्डिसनेही धरली होती. खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं, टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनीच घात केला होता. व्होल्टचा आकडा जेवढा मोठा तेवढी वीज मोठी, आणि मोठीला आपण जिंकलोय, असं सगळं घराणं धरून चाललं होतं. गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आर्डिसने जेवताना कितीदा सांगितलं होतं, व्होल्ट म्हणजे नुसता रेटा. माणूस मरतो तो अंगातून वाहणाऱ्या प्रवाहाने, अँपिअरने. कुंपण चापट मारून सोडून देतं, हीटरची वीज धरून ठेवते. त्यावर सासरा बटाटे वाढून घेत विचारायचा, "अँपिअर? हा कुठला नवा जावई?"

आता समजावत बसायला वेळ नव्हता. नवरा ट्रक घेऊन चारा आणायला गेला होता. आपण हौदाकडे धावलो तर म्हातारा हट्टाने आणखी भरभर चालेल, हे तिला ठाऊक होतं. ती वळली आणि जिथून हीटरला वीज जात होती त्या गोठ्याकडे पळाली. दाराशी घसरून ती गुडघ्यांवर आपटली, तशीच उठली. मेन स्विचचा दांडा थंडीने आखडला होता, एका हाताने हलेना. दोन्ही हातांनी लोंबकळून तिने तो खाली ओढला. गोठ्यातला दिवा विझला.

बाहेरून काहीच ऐकू येईना.

"बाबा?"

आपण आधी पोचलो की तो, तिला कळेना. बाहेर जाऊन काय बघावं लागेल या धास्तीने तिचा पायच उचलेना.

"बाबा!"

मग हसणं ऐकू आलं. मोठं, खोकल्यात संपणारं.

ती बाहेर आली. ऑरिन कोपरापर्यंत हात पाण्यात घालून उभा होता.

"बघ! काही झालं? उगीच गाव गोळा करतेस!"

आर्डिसला रडू फुटलं. त्याला जिंकू द्यावं, काही सांगूच नये, असं तिला वाटलं. म्हातारा जिवंत होता.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागून एक गाय पुढे आली. मग दुसरी. त्याला खांद्याने रेटत त्यांनी हौदात तोंडं घातली आणि त्या घटाघटा पाणी पिऊ लागल्या.

ऑरिनचं हसू थांबलं. त्याने गाईंकडे पाहिलं, गोठ्याच्या अंधाऱ्या दाराकडे पाहिलं, मग सुनेच्या बर्फाने माखलेल्या गुडघ्यांकडे.

"कधी बंद केलंस?"

"आत्ताच."

"माझा हात आत होता तेव्हा?"

"माहीत नाही, बाबा."

पाणी बर्फासारखं गार होतं, तरी त्याचा हात होता तिथेच होता.

"नक्की बंद आहे ना?" त्याने हळूच विचारलं. "काढू का गं बाहेर?"

आर्डिस जवळ गेली. तिने आपला हात पाण्यात घातला आणि त्याचा हात धरून वर घेतला.