टॅबची परीक्षा आणि बायडाबाईंची कोंबडी

नॅन्सीला अकरावं संपत आलं होतं आणि तिची स्वतःची सिनेमा कंपनी होती. कंपनीत दोन बैल, एक ट्रॅक्टर आणि एक बिबट्या होता, सगळे शाडूच्या मातीचे. पुणतांब्यातल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर ती कुंडीत लावलेल्या हिरव्या काड्यांचा ऊस उभा करायची आणि बिबट्याला बोटभर पुढे सरकवून फोटो काढायची. पुन्हा सरकवायचं, पुन्हा फोटो. मग सगळे फोटो भरभर एकामागून एक दाखवले की बिबट्या उसातून खरोखर चालत बाहेर यायचा आणि बैल शेपट्या वर करून पळायचे.

अडचण एकच होती. कॅमेरा म्हणजे मम्मीचा फोन.

मम्मी, म्हणजे मरिया, गावच्या उपकेंद्रात नर्स होती. बिबट्याचा एक पाय हवेत असतानाच फोन वाजायचा. "सिस्टर, बाळाच्या अंगात ताप आलाय," असं कुणीतरी सांगायचं आणि मरिया फोन घेऊन धावायची. बिबट्या संध्याकाळपर्यंत तसाच एका पायावर. एकदा तर तालुक्याच्या मीटिंगमध्ये मरिया लसीकरणाचे फोटो दाखवायला उभी राहिली. पडद्यावर आधी एक बाळ आलं, मग बिबट्या, मग बिबट्या, मग बिबट्याचं नुसतं ढुंगण. मोठ्या डॉक्टरांनी गंभीरपणे विचारलं, "याला कुठला डोस दिलाय, सिस्टर?"

त्या दिवशी घरी आल्या आल्या तिने नवऱ्याला सांगितलं, "अहो, पोरीला तिचं तिचं काहीतरी घेऊन द्या. नाहीतर माझी बदली वनखात्यात होईल."

नवरा म्हणजे गिदोन सर. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. व्हरांड्यातून नुसते गेले तरी दोन्हीकडचे वर्ग गप्प व्हायचे. सर कधी मोठ्याने हसले असं शाळेत कुणी पाहिलं नव्हतं. घरीही फारसं नाही. मोबाईलमध्ये बुडालेली मुलं ते रोज बघत होते, त्यामुळे टॅब हा शब्दच त्यांना नकोसा होता. पण एकदा घ्यायचं ठरल्यावर ते विषयाला भिडले. महिनाभर त्यांनी टॅबबद्दल मिळेल ते वाचलं. स्क्रीन केवढी असावी, बॅटरी किती चालावी, मुलांनी नको ते उघडू नये म्हणून कुलूप कसं लावावं, सगळं. झोपेत ते "गिगाबाइट" असं पुटपुटतात, अशी मरियाची तक्रार होती.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि तिघं एसटीने श्रीरामपूरला आले. हनुमंतभाऊंचं दुकान मेनरोडवर होतं. त्यांनी काउंटरवर तीन टॅब ओळीने मांडले, एक मोठा काळा, एक चकचकीत चंदेरी आणि एक निळा, जाड रबरी कव्हरातला.

"सर, हा मोठा घ्या," हनुमंतभाऊ म्हणाले. "हा घेतला म्हणजे पोरगी कलेक्टर झालीच म्हणून समजा."

"टॅबवर कलेक्टर होतात?"

"मग! फायली राहिल्यात कुठं आता?"

सरांनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. डोळ्यांना त्रास होईल का? वेळेचं बंधन घालता येतं का? नवीन काही टाकायचं तर आईबापांची परवानगी लागते का? हनुमंतभाऊ प्रत्येक प्रश्नाला "आहे ना सर" म्हणत होते. प्रश्न "हा गरम होतो का?" असा होता, तेव्हासुद्धा.

नॅन्सीने एकच विचारलं. "काका, यात पळणारी गोष्ट नीट येते का? मम्मीच्या फोनवर फिसकटते."

"घे की हातात. बघ काढून."

तिने मोठा काळा टॅब उचलला आणि इकडेतिकडे बघितलं. दुकानात पळणारं काहीच नव्हतं. तिने पंख्याचा व्हिडिओ काढून बघितला. पंखा फिरत होता, पळत नव्हता.

तेवढ्यात बायडाबाई दुकानात शिरल्या. उतारवयाच्या, नऊवारीतल्या, कपाळाला घाम. एका हातात आवाज गेलेला मोबाईल, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि पिशवीतून बाहेर आलेलं तांबड्या कोंबडीचं डोकं.

"हनुमंता, हे बग बाबा, पोरगी बोलती ते ऐकूच येत न्हाई. उद्या जावई यायचेत, कवा येनार ते बी कळंना." त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली. कोंबडी जावयासाठीच घेतलेली होती.

हनुमंतभाऊंनी मोबाईल तपासायला म्हणून तो दुकानातल्या मोठ्या स्पीकरला जोडला. धाडकन गाणं सुरू झालं आणि कोंबडी पिशवीतून उसळली. चंदेरी टॅबवरून घसरली, निळ्यावर पाय देऊन उडाली आणि थेट रस्त्यावर.

"अगं बया! माजी कोंबडी! धरा रं तिला!"

दाराच्या सगळ्यात जवळ गिदोन सर होते. ते आजवर एसटी पकडायलासुद्धा धावले नव्हते. पण बायडाबाईंच्या आवाजात असं काही होतं की ते धावले. त्यांच्यामागे मरिया, तिच्यामागे बायडाबाई, त्यांच्यामागे मोठा टॅब समोर धरून व्हिडिओ काढत नॅन्सी, आणि तिच्यामागे "टॅब! माझा टॅब!" म्हणत हनुमंतभाऊ.

कोंबडी कलिंगडांच्या गाडीखालून गेली, सर गाडीला वळसा घालून गेले. कोंबडी एका उभ्या सायकलच्या चाकाजवळून गेली, सायकल सरांच्या अंगावर आली. शेवटी ती रसवंतीच्या टेबलाखाली शिरली आणि सरांनी सरळ पालथं पडून तिला पकडलं. उठले तेव्हा त्यांच्या केसांत उसाची चिपाडं होती आणि हातात कोंबडी. रसवंतीवर बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

सगळी वरात दुकानात परतली आणि टॅबभोवती माना घालून उभी राहिली. व्हिडिओ सुरू झाला. त्यात कोंबडी होती, सर होते, पण दिसत होता तो नॅन्सीचा अंगठा. भला मोठा, गुलाबी अंगठा.

"हातात मावतच नाही पप्पा," ती म्हणाली. "पळताना दोन्ही हातांनी धरावा लागतो."

हनुमंतभाऊ म्हणाले, "मग हा चंदेरी घ्या. विषय संपला."

"विषय कसा संपला?" सर अजून धापा टाकत होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "एकाची परीक्षा घेतली आणि दुसऱ्याला तसंच पास करायचं? दुसऱ्यालाही हाच प्रयोग लावला पाहिजे. तीच कोंबडी, तोच रस्ता, तोच वेग."

"आणि तोच नवरा?" मरियाने विचारलं.

"अर्थात."

मरियाने नॅन्सीकडे बघितलं, नॅन्सीने मरियाकडे. सर चेष्टा करत नव्हते. सर कधीच चेष्टा करत नसत.

बायडाबाईंनी कोंबडी पदराखाली घेतली. "माजी कोंबडी फुकट न्हाई पळनार. मला बी पिच्चरमदी घ्या."

"तुम्ही आहातच, आजी," नॅन्सी म्हणाली. "तुम्ही ओरडायचं. मघाशी ओरडलात तस्सं."

या वेळी कोंबडीच्या पायाला हनुमंतभाऊंनी पार्सलची लांब दोरी बांधली, म्हणजे हरवायला नको. बातमी तोवर रस्ताभर पसरली होती. कलिंगडवाल्याने गाडी मघाच्याच जागी आहे ना ते तपासून घेतलं. सायकलवाल्याने सायकल जरा बाजूला घेतली होती, ती सरांनीच पुन्हा जागेवर लावायला सांगितली. लग्नाला जायला टेम्पोची वाट बघत बँडवाले पायरीवर बसले होते, त्यांच्यातला क्लॅरिनेटवाला म्हणाला, "सर, आमी वाजवू का?"

"मघाशी वाजवत नव्हता. प्रयोगात फरक पडेल," सर म्हणाले.

"वाजवा!" बायडाबाई म्हणाल्या.

बँड वाजू लागला. बायडाबाई जिवाच्या आकांताने ओरडल्या. कोंबडी सुटली, सर सुटले, मरिया हसता हसता त्यांच्यामागे. सायकल पुन्हा सरांच्या अंगावर आली. सरांनी पुन्हा टेबलाखाली उडी मारली. रसवंतीवाल्याने त्यांना रसाचा ग्लास दिला आणि पैसे घेतले नाहीत.

चंदेरी टॅबवरचा व्हिडिओ विलक्षण सुंदर आला होता. रंग असे की बघत राहावं. फक्त त्यात विजेच्या तारा होत्या, दुकानांच्या पाट्या होत्या आणि एक कावळा होता.

"उन्हात हा आरशासारखा होतो," नॅन्सी रडवेली झाली. "मला माझंच तोंड दिसत होतं. कोंबडी कुठे आहे तेच कळेना."

राहिला निळा. सगळे पुन्हा रस्त्यावर आले. आता दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, दुकानांच्या पायऱ्यांवर बायका, बँडवाल्यांनी गाल फुगवून ठेवलेले. बायडाबाईंनी घसा खाकरला आणि कोंबडीला खाली सोडलं.

कोंबडी सावलीत बसली. चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. बायडाबाईंनी हाताने ढकललं तर दोन पावलं चालली आणि परत बसली.

"दमली वो बिचारी. आता न्हाई पळायची," त्या म्हणाल्या आणि तिच्यासाठी वाटीत पाणी घेऊन आल्या.

बँडवाल्यांनी गाल सैल सोडले. गर्दीत चुळबुळ झाली. नॅन्सीने निळा टॅब खाली केला.

"राहू द्या पप्पा. कोणताही चालेल मला."

हे ती शहाण्या मुलीच्या आवाजात म्हणाली. सरांना तो आवाज माहीत होता. गृहपाठ दाखवताना ती तो काढायची, आणि मातीच्या बिबट्याशी बोलताना तिचा आवाज अगदी वेगळा असायचा. तो दुसरा आवाज त्यांना कधी मिळाला नव्हता. ओट्याच्या दाराआडून ऐकलेला तेवढाच.

त्यांनी चष्मा काढला आणि मरियाच्या हातात दिला. शर्टाच्या बाह्या वर केल्या. दोन्ही हात दुमडून काखेशी धरले आणि कोपरं फडफडवली.

"पक्," सर म्हणाले.

दोन्ही बाजूंच्या माणसांनी माना वळवल्या.

"पक्-पक्-पक्-पकाऽऽक!" असं ओरडत गिदोन सर मेनरोडवरून धावत सुटले.

"अगं बया, कोंबडा सुटला!" बायडाबाई ओरडल्या, आणि ही ओरड मघापेक्षा कितीतरी खरी होती. बँड दणाणला. मरियाने चष्मा आणि पर्स हनुमंतभाऊंच्या हातात कोंबली आणि पदर खोचून नवऱ्यामागे धावली, "धरा! धरा त्याला!" म्हणत. सर मान पुढेमागे करत पळत होते. कलिंगडांच्या गाडीला त्यांनी वळसा घातला, खाली वाकून एका फोडीला चोच मारल्यासारखं केलं, पुन्हा पळाले. रसवंतीच्या बाकावर त्यांच्या नववीच्या वर्गातल्या दोन मुली ग्लास ओठांशी धरून बसल्या होत्या. सरांनी त्यांना बघितलं. मुलींनी सरांना बघितलं. क्षणभर सर थबकले.

मग त्यांनी दुप्पट जोराने पंख फडफडवले आणि मुलींकडे बघूनच आरवले. मुलींच्या नाकातून रस आला.

नॅन्सी एका हाताने टॅब धरून पळत होती आणि हसत होती. इतकी हसत होती की तिला श्वास घेता येईना, आणि टॅब हातातून निसटून सरळ डांबरी रस्त्यावर आपटला.

बँड थांबला. हनुमंतभाऊंनी डोक्याला हात लावला, त्या हातात मरियाची पर्स होती. नॅन्सीचा चेहरा पांढरा पडला.

सर पळत आले, टॅबवर वाकले, आणि चष्मा नसल्याने आणखी वाकले. उचलून त्यांनी तो उलटसुलट केला. काच शाबूत होती. कोपऱ्यातला लाल ठिपका अजून लुकलुकत होता.

"चालू आहे," ते म्हणाले. "अजून काढतोय!"

दुकानात सगळ्यांनी मिळून तो व्हिडिओ बघितला. सगळं होतं त्यात. पळणारे सर, पदर खोचलेली मरिया, क्लॅरिनेटचा सूर, बायडाबाईंची आरोळी. मग चित्र गरगर फिरलं, धप्प आवाज झाला आणि नुसतं निळं आकाश दिसू लागलं. त्या आकाशात कडेने एक चेहरा आला. घामाने भिजलेला, बिनचष्म्याचा, केस विस्कटलेले आणि तोंडभर हसणारा. नॅन्सी त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिथे तिने व्हिडिओ थांबवला आणि कुणी सांगूनही पुढे जाऊ दिला नाही.

"हा," ती म्हणाली.

"तो साधा आहे गं," हनुमंतभाऊ म्हणाले. "सर, तुम्ही तरी सांगा. मोठा घ्या."

"हातात मावतो, उन्हात दिसतो, पडला तरी काम सोडत नाही," सर म्हणाले. "माझ्या वर्गात असा एक जरी असता तरी पुरे होता. हाच द्या."

"सीलबंद नवा देतो. हा तर डेमोचा."

"परीक्षा दिली त्यानंच प्रवेश घ्यायचा. नवा कशाला?"

कुलूप मात्र सरांनी लावून घेतलंच. नवीन काही टाकायचं तर मम्मीला विचारायचं, आणि दिवसाला एक तास. नॅन्सीने सगळ्याला मान डोलावली. बायडाबाईंच्या मोबाईलचा आवाज परत आला होता. त्यांनी लेकीला फोन लावला आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "जावयाला म्हनावं पिठलं-भाकरी हाय. कोंबडी न्हाई. का म्हंजी? पिच्चरमदी काम केलंय तिनं!" आणि पिशवी काखेला लावून, कोंबडीचं डोकं उन्हापासून पदराने झाकून त्या निघून गेल्या.

परतीच्या एसटीत तिघांना एकच बाक मिळाला. नॅन्सी मध्ये बसली आणि व्हिडिओच्या कापाकापीला लागली. कुठे बँड वाजला पाहिजे, कुठे आजी ओरडल्या पाहिजेत. ती सरांना विचारत होती, सर सांगत होते, आणि दोघांची भांडणंही होत होती. मरिया खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून पडली होती, पण तिचे खांदे मधूनच हसण्याने हलत होते. पुणतांबा जवळ आलं तशी स्क्रीनवर पाटी आली, आजचा वेळ संपला. नॅन्सीने मुकाट्याने टॅब बंद केला आणि मांडीवर ठेवला.

सरांनी टॅबकडे बघितलं. मग घसा खाकरला.

"मी त्या कलिंगडाला चोच मारतो ना, ते एकदा लाव बघू."

"तास संपला पप्पा."

"तो तुझा," सर म्हणाले आणि पासवर्ड टाकायला चष्मा शोधू लागले. "हा माझा."