बांध बघायचा डोळा

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शनी बघायचा होता. पत्रिकेतला नव्हे, आकाशातला. गेली पन्नास वर्षं ते दर शनिवारी न चुकता त्याला तेल घालतात. जासईला होतो तोवर तिथल्या देवळात आणि करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून इथल्या. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ते देवळातून आले आणि दारात चपला काढताना म्हणाले, "जागृती, येवढी वरसं याला तेल वतला. मराच्या आधी एकदा याचा तोंड तरी बगूदे."

'मराच्या आधी' ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण मागणी मला मनापासून आवडली. एवढ्या जन्मात या माणसाने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही.

माझ्या भावाने, मितेशने, लगेच मोबाइलवरून दुर्बीण मागवली. खोक्यावर भलंमोठं '५२५ पट' छापलेलं. आमच्याकडे कुठलीही वस्तू घेताना सर्वांत मोठा आकडा बघायची पद्धत आहे, मग तो टीव्ही असो की हळदीचा डीजे. दुर्बीण आली ती प्लास्टिकची, आणि तिचे पाय इतके लटपटे की आबा खोकले तरी चंद्र पळून जायचा. "धुका हाय सगला," आबा म्हणाले. मीही बघितलं. खरंच धुकं होतं. मितेशला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी आबांना वाशीला बोलावून घेतलं. तिथे नौमानभाईंचं दुर्बिणींचं दुकान आहे. माणूस उरणकडचा, बोटीवरच्या लोकांना दुर्बिणी विकण्यात केस पांढरे झालेले. मी दहा हजारांच्या आतली, ग्रह दिसतील अशी दुर्बीण मागितली आणि विचारलं, "किती पट आहे?"

"ताई, तो आकडा सोडा," ते म्हणाले. "पुढची काच किती रुंद आणि पाय किती घट्ट, येवढंच बघायचं. आनि गच्चीवर उचलून कोन नेनार, ते पन."

त्यांनी सत्तर मिलिमीटरच्या काचेची एक लांबट पांढरी दुर्बीण काढली. संध्याकाळचे सात वाजून गेले होते, म्हणून आम्हाला थेट इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेले. मांडणी करून आधी मला बोलावलं. मी डोळा लावला आणि चक्क किंचाळले. तांदळाच्या दाण्याएवढा पिवळसर गोळा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली बारीक कडी! शाळेच्या पुस्तकात होती तशीच. इतकी वर्षं तो वर असाच होता आणि मी मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं, याची मला लाजच वाटली.

"आबा, या, लवकर या!"

आबा आले ते त्यांच्या पद्धतीने. तरुणपणी मिठागरावर बांध सरळ पडलाय की नाही ते सांगायचं काम त्यांचं असे. उकिडवं बसायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने बांधाच्या ओळीवर नजर टाकायची. इंचभर वाकडा बांधही त्यांना दिसायचा. पुढे बांधकामांवर भिंतीही ते असेच बघत. आताही तेच केलं. डावा मिटला, उजवा लावला. बराच वेळ बघितलं.

"धुका हाय."

नौमानभाईंनी काचा पुसल्या, फिरवून पुन्हा आबांना दाखवलं. धुकंच. मग त्याहून मोठी, दुप्पट किमतीची दुर्बीण वर आणली. तिच्यातूनही धुकंच. आबा उठले आणि जिन्याकडे निघाले. "चल. पन्नास वरसं तेल खाल्ला आन तोंड दाखवीत नाय. माज्या नशिबात नाय तो."

त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला रडायलाच आलं, आणि रडायला आलं की मी भांडते. मी नौमानभाईंवर घसरले. ते मोठी दुर्बीण सहज गळ्यात मारू शकले असते, पण शांतपणे म्हणाले, "ताई, काचेत कायपन नाय. चाचांना विचारा, ते दर वेळी तोच डोळा का लावतात?"

"बांध बगाचा तो याच डोल्यान," आबा गुरगुरले.

मी त्यांच्या समोर हातभर अंतरावर उभी राहिले. "आबा, डावा मिटा. आता कोन दिसतंय?"

"तू हायस नी."

"कशावरनं?"

"येवढी वराडतंस, दुसरी कोन असंल?"

नौमानभाई हसले. मला हसू आलं नाही. आबा हळूच म्हणाले, "दोन वरसं जाली. डोल्यात सुरी घालतान म्हनून सांगला नाय."

ज्यांनी आख्ख्या मिठागराचे बांध सरळ केले, ते आबा सुरीला भ्यायले होते! मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना हाताला धरून पुन्हा दुर्बिणीपाशी नेलं आणि माझ्या तळव्याने त्यांचा उजवा डोळा झाकला. हाताला अजून देवळातल्या तेलाचा वास येत होता, त्यांच्या की माझ्या, कोण जाणे.

आबा हलले नाहीत. मग दुर्बिणीवरचा डोळा न काढता त्यांनी हात जोडले.

"कडी हाय गो," ते म्हणाले. "खरीच हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "या उजव्याला पन दाखवाला पायजे. डाक्टरला इचार, कदी येऊ."

सत्तरवालीच घेतली. मितेशने ती उचलायची, असं ठरलं.

डिसेंबरात पनवेलला आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा मिनिटांचं काम, आणि बाहेर आल्यावर म्हणे, "येवढाच?" डॉक्टरांनी परवानगी दिली त्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर दुर्बीण मांडली. आबांनी डावा डोळा मिटला, उजवा लावला आणि शनीला पोटभर बघून घेतलं. मग मितेशला सांगितलं की गच्चीचा कठडा वाकडा बांधलाय.

मी बाजूला उभी होते, एक शब्द न बोलता. आबा माझ्याकडे वळले. डावा डोळा तसाच मिटलेला.

"आज न वराडताच वलखला तुला," ते म्हणाले.