बिनबर्फाच्या देशातले फावडे

मी एक जुने फावडे आहे. मातीचे नव्हे, बर्फ उपसण्याचे. मित्रांनो, माझा मुक्काम सिंगापुरात, क्वीन्सटाउनमधल्या एका फ्लॅटच्या स्टोअररूममध्ये आहे. हसू आले असेल तर हसून घ्या, आणि मग नीट ऐका.

माझा जन्म कॅनडातल्या विनिपेगजवळच्या एका कारखान्यात झाला. रुंद पाते, लाकडी दांडा आणि टोकाला भक्कम मूठ. नोकरीनिमित्त तिथे आलेल्या संजीवरावांनी पहिल्याच हिवाळ्यात मला घरी आणले, आणि पहिल्याच दिवशी कंबर धरून ते अंथरुणाला खिळले. मग त्यांच्या पत्नीने, अरुणाबाईंनी, मला हाती घेतले. खिडकीतून शेजारणीला पाहून त्या शिकल्या. विचारायला मात्र गेल्या नाहीत. कोणापुढे हात पसरायचा नाही, हा त्यांच्या घरचा कायदा होता, आणि मुलाला, राजसला, त्यांनी तो दुधाबरोबर पाजला होता.

त्यांचे काम पाहण्यासारखे असे. आधी घरात अंग मोकळे करायचे. बर्फ उचलण्यापेक्षा ढकलायचा. उचलावाच लागला तर पाते अर्धेच भरायचे, गुडघ्यांत वाकायचे, ओझे पोटाशी धरायचे आणि टाकताना कमरेला पीळ न देता पावलांसकट वळायचे. त्यांच्या हातात माझा दांडा कधी कुरकुरला नाही.

पुढे संजीवरावांची सिंगापूरला बदली झाली. धडधाकट वस्तू टाकायची कशाला, म्हणून सामानाबरोबर मीही आले. इथे बर्फ भेटतो तो हॉकर सेंटरच्या खाद्यटपऱ्यांवर, गोड सरबत ओतलेल्या वाटीत. इस्त्रीचे टेबल आणि गणपतीचे मखर यांच्यामध्ये मी वर्षानुवर्षे उभे राहिले. राजस नोकरीसाठी पुन्हा विनिपेगला गेला, तेव्हाही मला कोणी हलवले नाही. "तिथे नवं मिळेल," तो म्हणाला.

या जानेवारीत एका सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिथे संध्याकाळ होती. त्याची बायको जाई हिला कळा सुरू झाल्या होत्या. अँब्युलन्सला उशीर होणार होता, आणि गाडीपुढे मांडीइतका बर्फ साचला होता.

"आई, तू बोलत राहा, मी उपसतो," म्हणत त्याने फोन गाडीच्या टपावर टेकवला.

अरुणाबाईंनी पाहिले. पोरगा पाय ताठ ठेवून कमरेत वाकत होता आणि खांद्यावरून बर्फ मागे फेकत होता.

"अहो, हा फोन धरा," त्या म्हणाल्या. त्यांनी मला ओढून बाहेर कॉरिडॉरमध्ये नेले आणि माझ्या पात्यावर तांदळाची पिशवी ठेवली. "राजस, इकडे बघ. गुडघे वाकव."

"आई, तिला कळा येतायत. गुडघ्यांचं काय घेऊन बसलीस?"

"तुझी पाठ गेली तर तिला नेणार कोण? अर्धंच भर. पोटाशी घे. पाय वळव, कंबर नको."

शेजारच्या मिसेस टॅन दारात आल्या. "अरुणा, हियर गॉट स्नो मेह?" इथे कुठला आलाय बर्फ, असे त्यांना म्हणायचे होते.

"स्नो मुलाकडे आहे, तांदूळ आमच्याकडे," संजीवराव इंग्रजीत म्हणाले.

काही वेळ राजसने ऐकले. बर्फात वाट दिसू लागली. तेवढ्यात घरातून जाईची किंकाळी आली. त्याने घाईने फावडे काठोकाठ भरले, झटक्यात कंबर फिरवली आणि तो तिथेच गुडघ्यांवर बसला.

"आई, उठता येत नाही मला."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या धडधाकटपणाची लाज वाटली. मी इथे तांदूळ तोलत होते आणि तिथे वरून पडणारा बर्फ पुन्हा वाट बुजवत होता.

"समोर कोण राहतं?" अरुणाबाईंनी विचारले.

"दोघी बहिणी आहेत. फारशी ओळख नाही."

"हाक मार त्यांना."

"कसं सांगू, आई? तूच म्हणायचीस, कोणाकडे काही मागायचं..."

"मीच म्हणायचे. आता मीच सांगते आहे, हाक मार."

तो खाली मान घालून राहिला. तेव्हा आयुष्यात कोणाकडे वाटीभर साखरही न मागितलेल्या त्या बाईने फोनच्या तोंडाशी वाकून सगळा जीव एकवटला. "हेल्प! प्लीज हेल्प माय सन!" खालचे मजले दचकले. मिसेस टॅन अनवाणी धावत आल्या. सातासमुद्रापार तो आवाज त्या बहिणींना कसा ऐकू जाणार? पण राजसला ऐकू गेला. आईला असे ओरडताना त्याने कधी ऐकले नव्हते. त्याने मान वर केली आणि तोही ओरडू लागला.

समोरचे दार उघडले. दोघी बहिणी आपापली फावडी घेऊन आल्या आणि गुडघ्यांत वाकून बर्फ ढकलू लागल्या. वाट मोकळी झाली. एकीने राजसला मागच्या सीटवर आडवे केले आणि जाईला घरातून आणून पुढे बसवले, दुसरी गाडी चालवायला बसली. फोन जाईच्या हातात आला. "आई, निघालो," एवढेच तिला बोलता आले.

हॉस्पिटलात पोचल्याचा निरोप येईपर्यंत अरुणाबाई कॉरिडॉरमध्येच बसून होत्या. माझा दांडा त्यांनी सोडला नाही.

मित्रांनो, फावडे दुकानात मिळते, पाठ मिळत नाही. वाकायचे ते गुडघ्यांत, उचलायचे ते थोडके. आणि ओझे एकट्याला पेलत नसेल, तर पाठ मोडण्याआधी शेजाऱ्याला हाक मारा. मोडल्यावर मारलेली हाकही ऐकू जाते. पण तोवर घरात कोणीतरी कळा सोसत तुमची वाट पाहत असते.