भर उन्हात लाईट

गेणभाऊची फियाट मुळात सायीच्या रंगाची. एकोणनव्वद साली नारायणगावच्या एका डॉक्टरांकडनं त्यानं ती घेतली, तेव्हाच ती चांगली वयात आलेली होती. पुढं वीस वर्षं पिंपळवंडीच्या शिवारात फिरून फिरून तिनं रस्त्याचा रंग घेतला. इतका अचूक घेतला, की उभी असली तर रस्ता थोडा उचलल्यासारखा वाटायचा.

त्यातनंच ते प्रकरण झालं. भर दुपारी फाट्यावर दुधाचा टेंपो सरळ समोरनं अंगावर आला आणि फियाटचा आरसा घेऊन गेला. टेंपोवाला भला माणूस. खाली उतरला, आरसा उचलून गेणभाऊच्या हातात दिला आणि मनापासून म्हणाला, "गाडी व्हती व्हय? मला वाटलं वावटळ आली."

गेणभाऊचा मुलगा सुनील चाकणला कंपनीत होता. तो त्याच आठवड्यात आला आणि त्यानं निकाल दिला, की गाडी आता रस्त्यावर न्यायची नाही. त्याच्या कंपनीतल्या कुणाच्या तरी ओळखीनं पुण्याचे एक साहेब होते, त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. जुनी गाडी घेऊन पुसून-पासून बंगल्यात ठेवायची आणि वर्षातनं एकदा हार घालून मिरवायची. सुनीलनं मोबाईलवर काढलेला फोटो त्यांनी पाहिला होता आणि ते बघायला यायचं म्हणत होते.

गेणभाऊ दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. म्हशीशी बोलला. शेवटी त्याची बायको बायडाबाईनं मध्ये पडून तोडगा काढला. लोणीला तिच्या भावाच्या मुलीचं, तेजस्विनीचं लग्न होतं. तिथवर गाडीनं जायचं. साहेबांनी तिथंच यावं, गाडी बघावी, पसंत पडली तर तिथनंच घेऊन जावी. माहेरी एकदा आपल्या गाडीनं जाते, मग काय करायचं ते करा, असं ती म्हणाली. सुनीलनं कबूल केलं, पण एक अट घातली. तोवर गाडीला पुढं दिवसाचे दिवे बसवायचे. परदेशात सगळ्या गाड्या दिवसा लाईट लावून फिरतात, म्हणजे समोरच्याला लांबनं दिसतात.

"तिकडं ऊन न्हाई, म्हून लावत्यात," गेणभाऊ म्हणाला. पण गाडी घेऊन गेला.

नारायणगावात चांगदेव ट्रॅक्टरचं वायरिंग करायचा. दिवसा पेटणारा दिवा हे त्याला नवीन होतं, आणि चांगदेवला नवीन काम आलं की पहिल्यांदा तो ड्रिल मशीन चालू करायचा. विचार मशीन चालू असताना. बंपरच्या वर, चकचकीत पट्टीला त्यानं दोन भोकं पाडली. ती वाकडी पडली. मग दुसरी दोन पाडली. ती सरळ पडली, पण आत वायर जायला वाट नव्हती, म्हणून जाळीच्या बाजूला आणखी दोन. वायर आत न्यायला इंजिनामागच्या पत्र्याला एक, आणि ते हीटरच्या जागी निघालं म्हणून शेजारी अजून एक. शेवटी दोन पांढरेशुभ्र दिवे बसले. नको असलेल्या भोकांवर त्यानं सायकलच्या पंक्चरचे तुकडे चिकटवले आणि वरनं चुना फासला.

स्विच मात्र त्यानं ठेवलाच नाही. किल्ली फिरवली की लाईट लागणार. लावायची विसरली असं व्हायलाच नको, असा त्याचा विचार होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी गेणभाऊनं फेटा बांधला, बायडाबाई पुढच्या सीटवर बसली. त्या फियाटची पुढची सीट म्हणजे सलग बाकडं. एके काळी त्या बाकड्यावर गेणभाऊ धरून चौघं बसायची आणि गियर दुसऱ्यानं टाकायचा. नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला पिंपळवंडीच्या आसपास दुसरी गाडी नव्हती. बाळंतिणी, दहावीच्या परीक्षेची पोरं, रुसून निघालेले जावई, एकदा तर तमाशाचा पेटीवाला पेटीसकट, सगळे ह्यातनं गेलेले. गाडी निघाली की बांधावरचा माणूस हात वर करायचा. कुणाला बसायचं असायचं, कुणाला नुसतंच. गेणभाऊ एक हात स्टिअरिंगवर आणि एक खिडकीबाहेर ठेवून सगळ्यांना उत्तर द्यायचा. पुढं घरोघरी गाड्या आल्या, काळ्या, उंच, काचा बंद. हात वर होणं थांबलं. गेणभाऊचा हात काही दिवस सवयीनं खिडकीबाहेर राहिला, मग त्यानंही तो आत घेतला.

गाडी फाट्यावर आली न आली तोच समोरनं येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं हात वर केला. पाच बोटं मिटली, उघडली, मिटली, उघडली. लाईट चालू हाय. आपल्याकडं पाठीवरची पिशवी उसवलेली असली तर कुणी सांगणार नाही, पण दिवसा लाईट चालू राहिली तर सांगितल्याशिवाय माणसाला अन्न गोड लागत नाही. नारायणगावच्या वेशीपर्यंत सगळी दुनिया बोटं उघडून मिटून दाखवत होती. एसटीच्या ड्रायव्हरनं दाखवली, टोमॅटोच्या पिकअपवाल्यानं दाखवली, उसाच्या ट्रॅक्टरवर झोपलेल्या माणसानं उठून दाखवली आणि परत झोपला.

गेणभाऊ सुरुवातीला थांबून समजावून सांगत होता, की मुद्दाम लावलीय, परदेशात अशी पद्धत आहे. लोक ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, ते खरं, पण बंद करा, बॅटरी उतरंल. कळंबच्या पुलावर एकानं तर गाडी आडवी घालून थांबवलं. गेणभाऊला वाटलं भांडण. तो माणूस म्हणाला, "पावणं, तुमची लाईट चालू हाय, कवाधरनं हारन मारतोय."

"आता न्हाई कुनाला सांगायचं," गेणभाऊ वैतागून म्हणाला. "शेवटच्या दिवशी ह्यो ताप."

बायडाबाई बराच वेळ बाहेर बघत होती. मंचर मागं पडलं, गाडी निरगुडसरच्या रस्त्याला लागली. बांधावर गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला, बोटं उघडली-मिटली. बायडाबाईनं खिडकीतनं हात काढला आणि त्याला तसाच हात केला. म्हातारा हसला.

"काय गं?"

"काय न्हाई. पयल्यासारखं वाटलं."

गेणभाऊनं काच खाली केली. पुढं लोणीपर्यंत दोघं दोन्ही बाजूंनी हात करत गेली.

लोणीच्या मांडवाबाहेर गाड्यांची जत्रा होती. गेणभाऊनं एका बाभळीखाली गाडी लावली, ती गियरातच आचका देऊन बंद पडली. त्यानं किल्ली काढली, फेटा सारखा केला आणि आत गेला. आता त्या गाडीचं किल्ली फिरवायचं भोक इतकं झिजलेलं, की किल्ली चालूतही निघायची. किल्ली खिशात गेली, लाईट तशीच राहिली.

मांडवात माईक गावातल्या संपतच्या हातात होता. आपल्याकडच्या लग्नात नवरा-नवरी असतात, पण लग्न माईकवाल्याचं असतं. आजी सदस्य, माजी सदस्य, होऊ इच्छिणारे सदस्य, सगळ्यांचं आगमन झाल्याचं तो सांगत होता. पूर्वी गेणभाऊचंही नाव असं घेतलं जायचं, फियाटवाले गेणभाऊ म्हणून. गेल्या दहा वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. तो मागच्या खुर्च्यांत बसला. बायडाबाई बायकांत गेली.

पहिलं मंगलाष्टक संपलं आणि संपतनं भटजींच्या हातातनं माईक काढून घेतला.

"एक सूचना. जुनी फियाट, पिंपळवंडीचे गेणभाऊ, आपल्या गाडीची लाईट चालू राहिलेली आहे."

सगळा मांडव मागं वळला. गेणभाऊ उठला, पण अक्षता पडत असताना मधून जायचं कसं, म्हणून परत बसला. दुसऱ्या अष्टकानंतर संपतनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यानंतर कुणीतरी ओरडलं, अरे ते डिलिव्हरीवाले गेणभाऊ का? माझी थोरली त्यांच्याच गाडीत झाली. दुसरा म्हणाला, मी स्वतः झालोय त्या गाडीत. लग्न लागेपर्यंत फियाटमध्ये जन्मलेले सात-आठजण निघाले, त्यातला एक गेणभाऊपेक्षा मोठा दिसत होता. खरं म्हणजे त्या गाडीत आजवर जन्मलं होतं फक्त एक करडू, आणि ते पण बायडाबाईच्याच शेळीचं. पण ती पदर सावरून ताठ बसली. माहेरच्या मांडवात नवऱ्याचं नाव माईकवर चौथ्यांदा पुकारलं जात होतं, मध्येच करडू कशाला आणायचं.

अक्षता पडताच गेणभाऊ धावत गाडीकडं गेला. तिथं वेगळंच लग्न चाललं होतं. मदत करणारी पंधरा-वीस माणसं गाडीभोवती. एकानं स्विच शोधता शोधता वायपर चालू केला होता. दुसरा वायपर बंद करायला गेला तर हॉर्न लागला, तो थांबेना. बायडाबाईचा भाऊ सावळेराम, ज्याच्या मुलीचं लग्न, तो फेट्यासकट बॉनेटमध्ये शिरून बॅटरीची वायर काढायच्या नादात होता. अखेर हॉर्न, वायपर आणि लाईट एकदमच बंद झाले. वायर निघाली नव्हती, बॅटरीच उतरली होती.

त्याच क्षणी सुनील पुण्याच्या साहेबांना घेऊन आला.

साहेबांनी टोपी काढली. गाडीभोवती एक फेरी मारली, दारावर हात फिरवला, आत बाकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम हळवा झाला. माणूस वाईट नव्हता. गाडी सांभाळली असती. मग साहेब पुढं आले, उकिडवे बसले.

"हे दिवे काय आहेत?"

सुनीलनं घाईघाईनं सांगितलं, की सेफ्टीसाठी आहेत, आत्ता काढून टाकतो.

"दिवे काढाल. भोकं कशी काढणार? मला गाडी मूळची पाहिजे." साहेबांनी दिव्याच्या कडेनं बोट फिरवलं. "दोनच आहेत ना? दोन असतील तर भरून घेता येतील. चालेल मला."

सुनीलनं श्वास सोडला. गेणभाऊनं सुनीलकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. मग पुढं झाला, बंपरवर वाकला आणि नखानं चुना खरवडून पंक्चरचा पहिला तुकडा उचकटला.

"साहेब, फसवायचं न्हाई मला तुमाला. हे बगा."

एकेक तुकडा तो काढत गेला. द्राक्षाची बाग दाखवतात तशी त्यानं सगळी भोकं दाखवली. हे वाकडं पडलं, म्हून हे सरळ. ह्यातनं वायर गेली न्हाई, म्हून हे. बॉनेट उचलून पत्र्याचीही दाखवली. आणि हे, म्हणाला, चांगदेवनं का पाडलं ते त्यालाबी ठावं न्हाई, पण काम लई मनापासनं करतो. तुमचा पत्ता द्या, तुमच्या बाकीच्या गाड्यांनाबी बशिवतो म्हणाला व्हता.

साहेब उठले. त्यांना बुंदी खाऊन जा म्हणून सावळेरामनं हाताला धरलं. त्यांनी खाल्ली, मठ्ठाही प्यायले आणि निघून गेले. सुनीलला घेऊन जायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

सुनील बाभळीखाली उभा. तो बापाकडं वळला.

"दादा, खोटं बोलला असता तरी चाललं असतं."

"खरंच बोललो की," गेणभाऊ म्हणाला. "तूच म्हनला व्हता, गाडी समोरच्याला नीट दिसाया पायजे."

संध्याकाळी नवरीची पाठवणी झाल्यावर फियाटला धक्का द्यायला निम्मं गाव आलं. फियाटमध्ये जन्मलेले सगळे पुढं होते. सुनीलनं शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि मागं खांदा लावला. चढ संपता संपता गाडीनं उचकी दिली, धूर सोडला आणि चालू झाली. त्याबरोबर पुढचे दोन दिवे लख्ख पेटले.

"लाईट लागली बरं का गेणभाऊ," मागनं कुणीतरी सांगितलं.

सुनीलला दुसरी गाडी नव्हती. तो येऊन पुढच्या बाकड्यावरच बसला, आईला मध्ये घेऊन. उन्हं अजून होती. निरगुडसरच्या अलीकडं बांधावर तोच म्हातारा गुरं घराकडं वळवत होता. त्यानं गाडी लांबनंच ओळखली आणि हात वर केला, बोटं उघडली, मिटली. गेणभाऊचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, बायडाबाई मध्ये अडकलेली. दोघांनी सुनीलकडं पाहिलं.

सुनील खिडकीकडं वळला. मग त्यानं काच खाली केली.