पिंजऱ्यावरचं बाइकचं कव्हर

एक पक्षी घरी आणून ज्योतीरामच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी बघू. राजगुरुनगरजवळच्या गावातून ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये आणलेल्या आईला सोबत होणार होती. "आईंशी घरात कोणी बोलतच नाही," ही बायकोची टोचणी बंद होणार होती. आणि दर सुट्टीला चाकणच्या चौकात गाडीत शिजत आईला गावी नेऊन आणायचं, तेही टळणार होतं. एका चोचीत तीन कामं! चाकणच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या यंत्रांचं प्रेस शॉप सांभाळणाऱ्या इंजिनिअरला एवढा हिशेब न जमून कसं चालेल?

"आपल्याकडचा हिरवा रावा का न्हाई आणला?" आईनं, इंद्रायणीबाईंनी, विचारलं.

"तो पाळायला कायद्यानं बंदी आहे, आई. रानातनं धरून आणतात त्याला. हा परदेशी जातीचा, कागदपत्रांसकट."

"म्हंजी ह्यालाबी गाव न्हाई म्हणायचं," बाई म्हणाल्या, आणि त्या पिवळ्या-केशरी कोन्युअर पोपटाचं नाव त्यांनी झेंडू ठेवलं.

झेंडूचं रूप पाहून शेजारी फोटो काढायला आले. त्याच्या आवाजाबद्दल मात्र दुकानदार काही बोलला नव्हता. माणूस खोलीतून उठून गेलं की झेंडू असा काही ओरडे, की खालच्या मजल्यावरच्यांनी वर बघावं. आणि ज्योतीराम तर दिवसा झोपणारा माणूस! भत्त्यासाठी त्यानं कायमची थर्ड शिफ्ट मागून घेतली होती. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरायचा, पोहे खायचा आणि आडवा व्हायचा. तेवढ्यात बाहेर आरोळी.

पहिले काही दिवस त्यानं पिंजऱ्यावर थाप मारून पाहिली. आवाज वाढला. मग त्यानं पार्किंगमधून बाइकचं जाड कव्हर आणलं आणि अख्ख्या पिंजऱ्यावर टाकलं. आत काळोख. झेंडू गप्प!

"बघितलंस?" तो बायकोला, प्राजक्ताला, म्हणाला. "रात्र झाली असं वाटतं त्याला."

आता रात्र झालीच आहे, तर पुरती होऊ दे, असं घरानं ठरवलं. हॉलला जाड काळे पडदे लागले. कुकरची शिट्टी बंद, टीव्ही मुका. आईनं भाचीला फोन करायचा तो बाथरूममध्ये जाऊन, कुजबुजत. दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप होतं. त्याचे आकडे आईला दिलेले नव्हते, कारण चुकीचे दाबले की ते किंचाळतं आणि ज्योतीरामची झोपमोड होते. प्राजक्ता कॉलेजात शिकवायला गेली, की त्या अकराव्या मजल्यावर एक माणूस झोपलेलं, एक पक्षी झाकलेला, आणि एक म्हातारी दोघांच्या मधोमध, खुर्चीत.

संध्याकाळी कव्हर निघे. मग प्राजक्ता उशिरापर्यंत दिवे लावून पेपर तपासत बसे आणि झेंडू टक्क डोळ्यांनी जागा राही.

"आई, पदराचं काय केलंत हे?" प्राजक्तानं एकदा विचारलं. पदराची कड पार झिरझिरीत झाली होती. बसल्याबसल्या बाई एकेक धागा ओढून काढत.

"जुनं झालंय लुगडं," बाई म्हणाल्या. विषय संपला.

मग पिंजऱ्याच्या तळाशी पिसं दिसू लागली. कोणी म्हणालं उवा झाल्या, कोणी म्हणालं नजर लागली. ज्योतीरामनं कडुनिंबाचं तेल चोळलं, त्यानं तर पिसं चिकटून झेंडू आणखीच बेजार झाला. एका सकाळी कव्हर थोडं उचललं तर छाती उघडी पडलेली आणि कातडीवर रक्त.

"आईंना घेऊन डॉक्टरकडे जा," प्राजक्ता म्हणाली. "तुझ्यापेक्षा त्यांच्या हातात तो शांत बसतो."

पक्ष्यांच्या डॉक्टर निवेदिता हळू आवाजाच्या आणि सरळ प्रश्नांच्या. त्यांनी पिसांवरचं तेल पुसलं, जखम पाहिली. "तेल पुन्हा नको. हे ओरबाडणं त्यानं स्वतःच केलंय. दिवसभर हा कुठे असतो?"

"हॉलमध्ये. कव्हरखाली."

"दिवसा?"

"मी थर्ड शिफ्टला असतो ना, म्याडम."

"म्हणजे हासुद्धा थर्ड शिफ्टच करतो! त्याला ओव्हरटाइम तरी देता का?"

ज्योतीराम ओशाळून हसला. "पण ओरडतो किती! हट्टी आहे. तुम्ही औषध द्या."

"मलम देते. पण उजेड काही मला बाटलीत भरून देता येत नाही." डॉक्टरांनी पिंजऱ्यावर उजेड न अडवणारं पातळ कापड टाकलं आणि सगळ्यांना दाराबाहेर उभं केलं. आतून लगेच तीच कर्कश आरोळी आली. ज्योतीरामनं कपाळाला हात लावला.

इंद्रायणीबाईंच्या तोंडून मात्र आपसूक निघालं, "हाय रं बाबा, हितंच हाय मी!"

आत एकदम शांतता. मग एक छोटी, हलकी शीळ.

"ऐकलंत?" डॉक्टर म्हणाल्या. "हे थव्यानं राहणारं पाखरू. नजरेआड झालेल्याला हाक मारून विचारतं, मी इथं आहे, तू आहेस का? 'आहे' एवढं ऐकलं की निवांत होतं. तुम्ही उत्तर म्हणून कव्हर टाकलंत. त्याला वाटलं, थवा मेला!"

"मग मी झोपू नको का?" ज्योतीरामचा आवाज चढला. "प्रेसवर डुलकी लागली तर हात जातो माणसाचा!"

"झोपा की. झोपायलाच हवं. पण काळोख तुमच्या खोलीत करा. एकट्या तुम्हाला रात्र हवी, तर सगळ्या घराला कशाला?" मग त्या बाईंकडे वळल्या. "आजी, तुम्ही घरी त्याला अशी ओ का देत नव्हता?"

"आवाज करायचा न्हाई ना," बाई म्हणाल्या. "मला तरी कोन ओ देतंय?"

हे बोलतानाही त्यांची बोटं पदराशी चाललीच होती. एक धागा निघाला, गुंडाळला गेला, खाली पडला. ज्योतीरामनं तो पाहिला. मग पिंजऱ्यात पाहिलं. झेंडू मान वळवून छातीवरचं एक पीस ओढत होता, अगदी तसंच. अरे देवा! घरात कव्हर एकच होतं, पण त्याखाली दोघं होते!

त्याच दिवशी जाड पडदे हॉलमधून निघून त्याच्या झोपायच्या खोलीत गेले. कानात बोळे आले. बाइकचं कव्हर बाइकवर गेलं. संध्याकाळ झाली की झेंडूचा पिंजरा आईच्या खोलीत आणि तिथला दिवा बंद, प्राजक्ताचे पेपर स्वयंपाकघरात. दाराचे आकडे ज्योतीरामनं आईकडून घोकून घेतले. पहिल्यांदा चुकले, कुलूप किंचाळलं, झेंडू त्याच्यावरही ओरडला, आणि बाई किती दिवसांनी तोंडाला पदर न लावता हसल्या. आता सकाळी, प्राजक्ता कॉलेजला निघायच्या आधी, त्या खाली जाऊन बाकावर बायकांत बसतात. सुट्टीला गाडी पुन्हा चाकणच्या चौकात अडकते. ज्योतीराम कुरकुरतो, पण जातो.

तर नागरिकहो, पाखरू ही घरात लावायची सोबत नव्हे, की आपण नसताना तिनं आपलं काम करावं. ते हाक मारतं तेव्हा त्याला ओ हवी असते. आणि जो जीव ओरडायचा थांबला, तो सुखात आहे असं मानून झोपू नका; आधी कव्हर उचलून बघा.

आता राहिला शेवटचा हिशेब. ज्योतीरामला त्याची झोप मिळाली, भत्ताही चालू राहिला. प्राजक्ताची टोचणी गेली. इंद्रायणीबाईंच्या पदराला नवी कड शिवून झाली, लुगडं पुन्हा नेसण्याजोगं झालं. झेंडूच्या पाठीवर, पंखांवर पिसं भरली. छातीवर मात्र ती पुन्हा येणार नाहीत, मुळं मेली, असं डॉक्टर म्हणाल्या. थंडीत तो तेवढी उघडी जागा बाईंच्या तळहाताला लावून बसतो. सगळ्यांच्या वाटचं बिल त्यानं भरलं.