वीज अडवणारे आम्ही दोघे

मी एक जुना रबरी हातमोजा आहे, उजव्या हाताचा. मित्रांनो, मी मूळचा झाडाचा चीक. कारखान्यात साच्यावर चढलो, जाड झालो आणि एका वायरमनच्या पिशवीत आलो.

खांबावर गेलं की एक पांढरा इन्सुलेटर भेटे, चिनी मातीचा, भट्टीत भाजून निघालेला. विजेला वाट द्यायची नाही, हे आम्हा दोघांचं काम. बाकी सगळा उलटा कारभार. मला ताणलं की लांबतो, मुडपलं की मुडपतो. पण उन्हात विसरलात तर चिकटतो, भेगाळतो. तो ऊन अंगावर घेई, तारेचा ताण सोसे आणि ढिम्म हलत नसे. मला त्याचा हेवा वाटे.

एकदा कुणीतरी नेम धरून त्याला दगड मारला. माझ्यावर बसता तर उसळून पडला असता. त्याला वाकणं ठाऊकच नव्हतं. केसाएवढा तडा गेला. खालून कुणाला दिसला नाही.

धुक्याच्या एका सकाळी त्या तड्यात ओल शिरली आणि वीज लोखंडी खांबात उतरली. खांबाशेजारीच वायरमनच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, शिलाईचं दुकान. तिने फोन केला, "अरे, खांबाला हात लागला की मुंग्या येतात." तो धावत पोचला, तोवर ओल्या पायरीवरून अक्काचा पाय घसरला होता. सावरायला धरलेला खांब आता तिला सोडत नव्हता.

"कुणी शिवू नका तिला! फ्यूज काढा!" वायरमन ओरडला. शेजारचा न्हावी गल्लीच्या टोकाच्या फ्यूजपेटीकडे पळाला.

"अरे, ओढ ना तिला!" लोक किंचाळले. पण वायरमनने माझ्यात हवा कोंडली, तोंड पिळलं आणि मला गालाशी धरलं. भोक असतं तर भाऊही गेला असता. मला तरी कुठे ठाऊक होतं, भोक आहे की नाही? मग डावा मोजा. हवा निसटली नाही. बोटं आत शिरली, अक्काचं मनगट पकडलं, एक हिसका! दोघं चिखलात आपटली.

बऱ्याच वेळाने अक्का पुटपुटली, "किती उशीर लावलास?"

"मोजे तपासत होतो."

"बहीण चिकटलीय आणि हा फुगे फुगवतोय!" असं म्हणताना तिला रडू फुटलं. तोही रडला.

लाइन बंद करून त्याने इन्सुलेटर उतरवला, तेव्हा माझ्या तळव्यातच त्याचे दोन तुकडे झाले. इतकी वर्षं उन्हातान्हात उभा होता बिचारा. माझा हेवा तिथेच विरला.

मित्रांनो, खांबावरच्या चिनी मातीवर नेम धरू नका. खांब झिणझिणतो असं कुणी सांगितलं, तर हसण्यावारी नेऊ नका. अक्का पुन्हा मशीनवर बसते. पण तिची करंगळी अजून वळत नाही. कापड सरकवताना ती एकटीच ताठ राहते.